अरण्य, पाणथळ आणि शिवार : यावल परिसरातील पक्षिनिरीक्षण

यावल तालुक्यातील कोणत्याही गावाच्या शिवारात उभे राहून उत्तरेकडे पाहिले असता सातपुड्याची निळसर रांग दृष्टीस पडते, आणि दक्षिणेकडे वळले असता तापीचे खोरे पसरलेले दिसते. डोंगर आणि नदी ह्यांच्या मधल्या काळ्या कसदार पट्ट्यात केळी, कापूस, गहू, हरभरा, ज्वारी ही आपली पिके उभी असतात. ह्या भूमीची आपण सोयीने वाटणी केली आहे. डोंगर वनखात्याचा, धरण पाटबंधारे खात्याचा आणि शेत आपले. पक्ष्यांना ही वाटणी मान्य नाही. रात्री सागाच्या ढोलीत विसावलेला पक्षी सकाळी आपल्या बांधावर असतो, आणि शेतातील पाण्यात चरलेला बगळा सायंकाळी धरणाकाठच्या झाडावर मुक्कामाला जातो.

पक्षिनिरीक्षण ही शहरातील सुखवस्तू लोकांची करमणूक होय, असा समज ग्रामीण भागात पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. शेतात कोणता पक्षी आला, तो काय खात होता आणि मागील वर्षी येणारा कोणता पक्षी यंदा आला नाही, हे डोळसपणे पाहणे व जसे दिसले तसे लिहून ठेवणे, हा शेतीच्या कामाचाच एक भाग आहे. अशी खरी नोंद किती उपयोगी पडते व खोट्या किंवा घाईच्या नोंदीने किती हानी होते, हे खानदेशातीलच उदाहरणांनी दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यावलचे अभयारण्य

यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर असून उत्तरेस त्याची हद्द मध्य प्रदेशास भिडते. पाल, जामन्या, लंगडा आंबा ही नावे ह्या भागातील वाचकांस परिचित आहेत. वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, अंजन, सालई, धावडा, खैर, टेंभुर्णी व मोह हे त्यातील प्रमुख वृक्ष होत. पौष-माघापासून पानगळ सुरू होते आणि उन्हाळ्यात डोंगर उघडे पडल्यासारखे दिसतात. परंतु नाल्यांच्या काठी व सुकी धरणाच्या बाजूस हिरवळ टिकून असते, आणि ओसाड भासणाऱ्या ह्याच दिवसांत पक्षी पाहणे सोपे जाते. कारण पानांचा आडोसा नसतो व पाण्याच्या मोजक्या जागी सर्व पक्ष्यांना यावेच लागते.

मोर, तितर, राखी धनेश, सुतार, तांबट, हळद्या, स्वर्गीय नर्तक, शिक्रा अशा नाना जातींचे पक्षी ह्या प्रकारच्या वनात आढळतात. त्यांपैकी कित्येकांची घरटी वाळलेल्या वा जुन्या झाडांच्या ढोलींत असतात. म्हातारे, पोकळ झाड म्हणजे सरपणाचा माल, अशी आपली दृष्टी असते. घुबड, पिंगळा, धनेश व पोपट ह्यांच्या दृष्टीने मात्र तेच झाड बांधून तयार असलेले घर होय. नवे झाड लावता येते, पण ढोली पडण्याइतके वय त्याला देता येत नाही. ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी.

हतनूरचे पाणथळ क्षेत्र

अभयारण्याच्या दक्षिणेस, भुसावळ तालुक्यात, तापी नदीवर हतनूर धरण आहे. तापी व पूर्णा ह्या नद्यांचा चांगदेव येथे संगम होतो आणि त्या संगमाचे पाणी ह्या धरणात साठते. धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी यावल व चोपडा भागांतील शिवारांपर्यंत पोहोचते. म्हणजे ज्या पाण्यावर बदके उतरतात त्याच पाण्यावर आपले पीक उभे असते.

पूर्णा नदी काळ्या मातीच्या प्रदेशातून वाहत येत असल्याने ती आपल्याबरोबर पुष्कळ गाळ आणते. ह्या गाळामुळे धरणाची साठवणक्षमता घटली, ही शेतीच्या दृष्टीने चिंतेची बाब आहे. तथापि ह्या गाळामुळेच जलाशयाच्या कडेला विस्तीर्ण उथळ भाग तयार झाले. तेथे पाणवनस्पती, शिंपले, किडे व लहान मासे विपुल असतात. उथळ पाण्यात पाय रोवून चरणारे बलाक व बगळे, चिखलात चोच खुपसणारे तुतारी जातीचे पक्षी आणि पाण्यावर तरंगत चरणारी बदके ह्या सर्वांची सोय एकाच ठिकाणी होते. नाशिक जिल्ह्यात गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वर येथेही असेच घडले. बंधाऱ्यामागे गाळ साठून दलदल तयार झाली, पक्षी आले, आणि २०२० मध्ये त्या जागेचा समावेश रामसर करारातील पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. महाराष्ट्रातून ह्या यादीत गेलेले ते पहिले स्थळ होय.

ऑक्टोबर महिन्यापासून उत्तरेकडील थंड प्रदेशांतून पक्ष्यांचे थवे येऊ लागतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, मोठी लालसरी ही त्यांपैकी काही नावे. मार्च संपता संपता ते परत जातात. त्यानंतर पाणी ओसरून उघड्या पडलेल्या बेटांवर व वाळूवर टिटवी व नदीसुरय ह्यांसारखे पक्षी अंडी घालतात. त्यांचे घरटे म्हणजे जमिनीतील एक उथळ खळगी असते, आणि अंडी मातीच्याच रंगाची असल्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. धरणाच्या पोटात गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांनी ह्या दिवसांत आपली गुरे व बैलगाडी कोठून नेतो इकडे लक्ष दिले, तर पुष्कळ पिल्ले वाचू शकतील.

एका पिंगळ्याची हकीकत

सातपुड्यातील सर्वांत विशेष पक्षी वनपिंगळा हा होय. काही लोक त्यास रानपिंगळा असेही म्हणतात. गावातील चिंचेवर बसणाऱ्या साध्या पिंगळ्याचा हा रानात राहणारा भाऊबंद.

१८७२ मध्ये ब्लेविट ह्या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगड राज्यातील बसना-फुलझर भागात हा पक्षी प्रथम मिळविला, व पुढील वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर १८८० च्या सुमारास खानदेशात नेमणुकीस असलेले मुलकी सेवेतील अधिकारी जेम्स डेव्हिडसन ह्यांनी तळोदा-शहादा बाजूच्या वनांतून काही नमुने गोळा केले. त्यांनी प्रत्येक नमुन्याच्या पायास चिठ्ठी बांधून स्थळ व दिनांक लिहून ठेवला होता. १८८४ नंतर मात्र ह्या पक्ष्याची विश्वसनीय नोंद कोठेच झाली नाही, आणि तो नामशेष झाला असावा असे पुष्कळ जाणकार मानू लागले.

मध्यंतरी एक नोंद होती. रिचर्ड माइनरत्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने, आपण १९१४ मध्ये तापीकाठी गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळविला, असे सांगून एक नमुना पुढे केला होता. त्या नोंदीवर विसंबून पुढे मांडवीच्या बाजूस शोध घेण्यात आला. १९७० नंतरच्या दशकात सालिम अली व डिलन रिप्ले ह्यांच्यासारख्या नामवंतांनी वनपिंगळ्याचा मागोवा घेतला, परंतु त्यांना यश आले नाही.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन ह्यांनी हा नमुना बारकाईने तपासला, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. तो पक्षी मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसन ह्यांनी खानदेशात मिळविलेला नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, त्याची शिवण उसवून, तो नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. खोटी नोंद बाजूला सारल्यावर उरल्या त्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या. त्यांवरील गावांची नावे घेऊन रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. पूर्वेकडील जुन्या स्थळी त्यांना पक्षी मिळाला नाही. नंतर ते खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या वनात वनपिंगळा एका झाडावर उघड्यावर बसलेला त्यांच्या दृष्टीस पडला. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये स्वतंत्र झाला. एकशे तेरा वर्षे जगाने गेला म्हणून मानलेला पक्षी आपल्याच डोंगरात होता.

त्यानंतर पद्धतशीर शोध झाला, तेव्हा तोरणमाळ, यावल अभयारण्य, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खंडवा-बऱ्हाणपूर भाग येथेही वनपिंगळा आढळला. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही दिसला. जागतिक यादीत २०१८ पर्यंत त्याची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात होत असे; नव्या स्थळांची माहिती मिळाल्यानंतर त्यास संकटग्रस्त वर्गात घेण्यात आले. धोका टळला असा ह्याचा अर्थ नाही. वृक्षतोड, वनजमिनीवरील अतिक्रमण, वणवे, तसेच घुबडाविषयीचे गैरसमज व त्यापोटी होणारी हत्या ही संकटे कायम आहेत.

ह्या हकीकतीतील एक गोष्ट प्रत्येक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखी आहे. एका खोट्या चिठ्ठीने विद्वानांना अनेक वर्षे चुकीच्या वाटेस लावले, आणि शतकापूर्वीच्या खऱ्या चिठ्ठ्यांनी पक्षी परत मिळवून दिला.

स्वतःची एक चूक

दुसऱ्याच्या खोट्या नोंदीविषयी लिहिताना माझ्या एका चुकीच्या नोंदीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी यावल तालुक्यातील एका गावी हरभऱ्याच्या नुकसानीची तक्रार आली म्हणून मी गेलो. दुपारची वेळ होती. घाट्यांना भोके पडलेली होती, आणि शेतातून साळुंक्यांचा थवा उडताना मी पाहिला. मी दैनंदिनीत 'पक्ष्यांपासून नुकसान' असे लिहिले, आणि पक्षी हाकलण्यासाठी डबे वाजवावेत व चमकपट्ट्या बांधाव्यात असा सल्ला देऊन निघालो.

बांधावर त्या शेतकऱ्याचे वृद्ध वडील बसले होते. त्यांनी विचारले, "साहेब, भोक गोल आहे ना? चोचीचं भोक असं गोल असतं का?"

मी म्हटले, "आबा, मग तुमच्या मते हे काम कोणाचे?"

"ते मी सांगून काय उपयोग? उद्या दिवस उगवताना या, माझ्यासंगं बसा, अन् तुमच्या डोळ्यांनी पाहा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो. दिवस उजाडताच साळुंक्या आल्या, एक कोतवाल काठीवर येऊन बसला, दोन-तीन गायबगळे ओळींतून चालू लागले. आम्ही तासाहून अधिक वेळ निश्चल बसलो. साळुंकी झाडाशी वाके, चोचीत हिरवी अळी धरी, ती ढेकळावर आपटी व गिळी. पक्षी उडून गेल्यावर आम्ही झाडे तपासली. घाट्यात अर्धे शरीर खुपसून दाणा खाणारी घाटेअळी जागोजागी सापडली. भोके तिची होती. पक्षी नुकसान करण्यास नव्हे, तर नुकसान करणाऱ्या अळीस खाण्यास आले होते. आणि मी त्यांना हाकलण्याचा सल्ला देऊन बसलो होतो. त्याच सकाळी दैनंदिनीतील ओळ खोडून मी खरी नोंद लिहिली. आबांनी त्यावर एवढेच म्हटले, "लिहिलेलं पुसता येतं साहेब, मेलेलं पाखरू परत येत नाही."

शेतातील पक्षी : मित्र किती, शत्रू किती

ह्याचा अर्थ सर्वच पक्षी पिकांचे मित्र आहेत असा नव्हे. पोपट हरभऱ्याचे घाटे, मका व सूर्यफूल ह्यांचे खरोखर नुकसान करतात. हिवाळ्यात भोरड्यांचे प्रचंड थवे ज्वारीवर उतरतात, तेव्हा राखण करणे भागच असते. मात्र एकच पक्षी एका ऋतूत हानिकारक व दुसऱ्या ऋतूत उपकारक असू शकतो. हीच भोरडी नाकतोडे व टोळ मोठ्या प्रमाणात खाते. चीनच्या पश्चिमेकडील शिनजियांग प्रांतात टोळांचा उपद्रव कमी व्हावा म्हणून तिला घरटी करण्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग व भिंती उभारण्यात आल्या. त्याच चीनमध्ये १९५८ मध्ये धान्य खाते म्हणून चिमणीच्या नाशाची देशव्यापी मोहीम काढण्यात आली होती. पुढे किडींचा उपद्रव वाढला, आणि १९६० मध्ये नाश करावयाच्या प्राण्यांच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले. पक्षी काय खातो हे पाहण्यापूर्वी त्याच्याविषयी निर्णय घेण्याचा परिणाम असा होतो.

आपल्या शिवारात पुढील पक्षी विशेष उपयोगाचे आहेत.

१. कोतवाल, वेडा राघू व नीलपंख : हे पक्षी काठी, तार किंवा फांदीवर बसून उडते किडे व अळ्या टिपतात. त्यांना बसण्यास उंच जागा लागते.

२. साळुंकी, सातभाई, हुदहुद : हे जमिनीवर फिरून अळ्या, कोष व किडे वेचतात.

३. गायबगळा व कावळा : नांगरामागे चालून हे पक्षी हुमणी व कोष खातात. उन्हाळी नांगरट दिवसा, सकाळच्या वेळी केल्यास ह्यांचा पुरेपूर लाभ होतो.

४. गव्हाणी घुबड, पिंगळा व कापशी घार : हे उंदरांचे शत्रू आहेत. घुबड रात्रपाळी करते, कापशी दिवसा. इस्राएलमध्ये १९८० नंतर शेतांत गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या बसविण्यात आल्या. मलेशियातही तेलताडाच्या मळ्यांत हा उपाय योजला गेला आहे.

गिधाडांचा धडा

पक्ष्यांच्या नोंदी न ठेवल्यास काय होते ह्याचे सर्वांत दुःखद उदाहरण गिधाडांचे आहे. पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की काही तासांत गिधाडे त्याचा फडशा पाडीत. १९९० नंतरच्या काळात ती झपाट्याने दिसेनाशी झाली. गावोगावच्या लोकांना ते जाणवले होते, परंतु पूर्वी किती होती हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. राजस्थानातील भरतपूर येथे मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात घरट्यांची व पक्ष्यांची मोजणी करून ठेवली होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी केली असता घट किती भयंकर आहे ते आकड्यांनिशी सिद्ध झाले. पुढे २००४ मध्ये कारण कळले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले म्हणजे त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. भारत सरकारने २००६ मध्ये ह्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, आणि २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन ह्या औषधांवरही ती लागू केली. तोपर्यंत काही जातींची गिधाडे शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली होती.

शेतकऱ्याने येथे एवढेच करावयाचे की जनावरास वेदनाशामक औषध देणे असल्यास ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे व मेलॉक्झिकॅम हे गिधाडांस सुरक्षित ठरलेले औषध मागावे.

निरीक्षण कसे करावे

पक्षिनिरीक्षणास फार साहित्य लागत नाही. दुर्बीण असल्यास उत्तम, ८ × ४० मापाची पुरेशी होते. परंतु शेतातील पक्षी उघड्या डोळ्यांनीही ओळखता येतात. पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास व सूर्यास्तापूर्वीचा एक तास हा काळ निवडावा. सूर्य पाठीशी असावा.

२. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. चालण्यापेक्षा एका जागी बसून पाहणे अधिक फलदायी असते.

३. आकार प्रथम ठरवावा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, असे मापन सोपे असते. त्यानंतर चोच, पाय, शेपटी, रंग व आवाज ह्यांकडे लक्ष द्यावे.

४. वहीत दिनांक, वेळ, स्थळ, पीक, पक्ष्याचे नाव, संख्या आणि 'काय करीत होता' हे रकाने असावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा होय.

५. नाव ठाऊक नसल्यास 'अनोळखी' असे लिहून वर्णन करावे. अंदाजाने नाव लिहू नये. पाहिलेले व ऐकलेले ह्यांची नोंद वेगळी ठेवावी.

६. घरट्याजवळ जाऊ नये, अंडी हाताळू नयेत, ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्यास बोलावू नये. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीनेच प्रवेश करावा व ठरलेली वाट सोडू नये.

वनात पिंगळा दिसल्यास तो कोणता हे ठरविण्यासाठी खुणा अशा : साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, व तो गावाजवळ राहतो. जंगली पिंगळ्याच्या सर्वांगावर बारीक आडवे पट्टे असतात. वनपिंगळ्याचे डोके मोठे व जवळजवळ बिनठिपक्यांचे, छाती गडद तपकिरी, पोट स्वच्छ पांढरे, पंख व शेपटी ह्यांवर रुंद पट्टे आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले असतात. तो दिवसाही वावरतो, आणि सरडे, सापसुरळ्या, उंदीर व किडे खातो. असा पक्षी दिसल्यास त्याची जागा चारचौघांत सांगत न बसता वनखात्याच्या कर्मचाऱ्यास कळवावी.

शिवारात करावयाची कामे

निरीक्षणातून जे कळते ते आचरणात आणणे अगत्याचे आहे.

हरभरा पेरताना बियाण्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळावेत. ज्वारीची ताटे उंच वाढून पक्ष्यांना बसण्यास नैसर्गिक थांबे मिळतात. त्याखेरीज हेक्टरी सुमारे २० पक्षिथांबे, म्हणजे वर आडवी काठी बांधलेल्या उभ्या काठ्या, पिकापेक्षा हात-दीड हात उंच रोवाव्यात. ओळीच्या एका मीटरमध्ये सरासरी एक ते दोन अळ्या आढळू लागल्याखेरीज रासायनिक फवारणीची घाई करू नये. त्याआधी केलेली फवारणी अळीबरोबर अळी खाणाऱ्यासही दूर करते. सूर्यफूल, ज्वारी अशा पिकांत दाणे भरू लागताच थांबे काढून घ्यावेत, नाहीतर तेच दाणे खाणाऱ्या पक्ष्यांच्या सोयीचे होतात.

उंदरांसाठी विषारी आमिष घालावयाचे झाल्यास ते बिळाच्या आत टाकून बीळ बुजवावे. उघड्यावर कधीही ठेवू नये. दुसऱ्या दिवशी शेतात फिरून मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. असे उंदीर खाऊन घुबड, पिंगळा व कापशी मरतात, आणि मग पुढील हंगामातील उंदीर खाण्यास कोणी उरत नाही. कीटकनाशकाचे रिकामे डबे व फवारणी पंप नाल्यात किंवा पाटात धुऊ नयेत; ते पाणी अखेर तापीसच मिळते.

बांधावरील वड, उंबर, चिंच, कडुनिंब, बाभूळ ही झाडे राखावीत. एखादे जुने झाड वाळले असले, तरी त्यात ढोली असल्यास व ते घरावर वा वाटेवर पडण्याचे भय नसल्यास ते तसेच उभे ठेवावे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या पावरा, बारेला, तडवी व इतर बांधवांना वनातील झाडांची व पाखरांची माहिती पुस्तकांपेक्षा अधिक असते. त्यांच्याकडून ती समजून घेऊन नोंदवून ठेवणे, हे गावच्या शाळेने घेण्यासारखे काम आहे.

समारोप

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्याचे जाणते लेखक व 'पक्षिकोश' कर्ते मारुती चितमपल्ली ह्यांचा, तर १२ नोव्हेंबर हा सालिम अली ह्यांचा जन्मदिवस होय. आपल्याकडे हे दिवस रब्बीच्या पेरणीचे असतात, आणि त्याच सुमारास हतनूरच्या पाण्यावर पाहुणी बदके उतरू लागलेली असतात. ह्या आठवड्यात एका सकाळी आपल्या शेताच्या बांधावर तासभर बसून वहीची सुरुवात करावी. घरातील शाळेत जाणाऱ्या मुलास लिहावयास सांगावे, आणि वडीलधाऱ्यांनी नावे सांगावीत. दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच जागी बसून पुन्हा नोंद करावी.

पाच-दहा वर्षांनी ही वही चाळली असता कोणता पक्षी वाढला, कोणता घटला आणि त्याच काळात आपण शेतात काय बदलले, हे आपोआप समोर येईल. गिधाडे गेली तेव्हा खेड्यांतून अशी वही नव्हती. वनपिंगळा परत मिळाला तो मात्र कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी खरे लिहून ठेवले होते म्हणून. यावलच्या शिवारातील पुढची नोंद आपल्या हातची असावी, आणि ती खरी असावी.